बसा, बोला, हात मात्र वर करू नका

सन्माननीय अध्यक्ष श्री. भालचंद्रजी सोनवणे, आजचे प्रमुख पाहुणे आणि परराष्ट्र मंत्रालयातले ह्यांचे जुने सहकारी श्री. राघव मेनन, मंडळाच्या कार्यवाह विनयाताई, नुकतेच निवृत्त झालेले आजचे सत्कारमूर्ती श्री. मुरलीधर देवस्थळी, ज्यांना मी घरी 'अहो' म्हणते आणि इथेही म्हणेन कारण त्याविरुद्ध ठराव झालेला नाही, पहिल्या रांगेत बसलेल्या मंडळाच्या संस्थापक सदस्य आणि माझ्या सासूबाई श्रीमती सुहासिनी देवस्थळी, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगर महाराष्ट्र स्नेह मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेले, जेवणाच्या वेळेचा अचूक अंदाज घेऊन आलेले स्नेहीजन, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी कल्पना देवस्थळी. ह्यांची पत्नी. मी या मंडळाची सदस्य नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणाला फसवल्यासारखं वाटायला नको. आपल्या घटनेनुसार मी 'निरीक्षक सदस्य' आहे. निरीक्षक सदस्याने सभेत बसावं. सगळ्या सदस्यांचं बोलून झाल्यावर, वेळ उरला असल्यास, अध्यक्षांच्या परवानगीने थोडक्यात बोलावं. ठराव मांडू नये आणि हात वर करू नये. ही हाताची अट आपण फार मनावर घेतली आहे. मागे गणपतीच्या सभेत मी डास हाकलायला हात वर केला, तर विनयाताईंनी मतमोजणी पुन्हा घेतली होती.

मेननसाहेब, आपण तर मराठीही नाही. तरी आपण व्यासपीठावर, शाल-श्रीफळ घेऊन. सदस्य होण्यापेक्षा पाहुणा होणं सोपं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या आधी सर्वांनी ह्यांच्याबद्दल भरभरून सांगितलं. मनमिळाऊ, मितभाषी, अजातशत्रू. एका वक्त्यांनी तर ह्यांना 'देशाचा मूक सेवक' म्हटलं, तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मूक कसला, घरी तर टीव्हीशीसुद्धा भांडतो." पण मंडळी, मला एक विचारायचं आहे. ह्या माणसाने इतकी वर्षं ऑफिसात नेमकं केलं काय, हे एकाही वक्त्याने सांगितलं का? नाही सांगितलं, कारण कोणालाच माहीत नाही. मलाही लग्नानंतर बरीच वर्षं माहीत नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे देशांची नावं मला ठाऊक होती. त्या देशांना बसायला जागा मिळत नाही, हे पुस्तकात नव्हतं.

तर सांगते. जगात मोठमोठ्या संस्था असतात, परिषदा असतात. त्यांचे सदस्य देश असतात. आणि काही देश असे असतात की ते सदस्य नसतात. कोणी फार लहान, कोणी अटीत न बसणारा, कोणाचं कोणाशी जुनं वैर. पण आत जी चर्चा चाललेली असते, ती त्यांच्याच मुळावर येणारी असते. अशा देशांना दारातून आत आणायचं, खुर्चीवर बसवायचं, जमलंच तर दोन शब्द बोलू द्यायचे, आणि हे करताना आतल्या सदस्यांना वाटू द्यायचं की काहीच बदललेलं नाही, हे ह्यांचं काम. मंत्रालयात त्याला मर्यादित सहभाग म्हणतात. आपल्याकडे त्याला 'या, बसा, पण मध्ये बोलू नका' म्हणतात.

एका बेटाची गोष्ट सांगते. बेटाचं नाव सांगणार नाही, ह्यांना चालायचं नाही. आपल्या सरोजिनी नगरच्या मार्केटात रविवारी जेवढी माणसं असतात, जेमतेम तेवढी त्या देशाची वस्ती. परिषद होती समुद्रावर. समुद्र त्यांच्या घरात शिरायला लागलेला, आणि समुद्रावरच्या चर्चेत त्यांनाच जागा नाही. त्यांचे प्रतिनिधी एक वयस्कर गृहस्थ होते, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ते सभागृहाबाहेर सोफ्यावर बसून असायचे. आत काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. हे कॉफी घ्यायला बाहेर आले, त्यांच्याशेजारी बसले, आणि ह्यांचं डोकं फिरलं. अर्थात मुरलीधर देवस्थळींचं डोकं फिरलं म्हणजे त्यांनी एक मसुदा लिहायला घेतला.

मग सुरू झाली बोलणी. खुर्ची आत ठेवायची का? ठेवू, पण भिंतीला लागून. टेबल? एक मोठा देश म्हणाला, टेबल दिलं की माणूस कोपर टेकतो, कोपर टेकलं की मत देतो. टेबल नाही. नावाची पाटी? चालेल, पण अक्षरं बारीक. माईक? माईक असेल, बटण अध्यक्षांकडे. एवढं होतंय तोवर कोणीतरी शंका काढली की दुपारचं जेवण हा परिषदेतला सहभाग धरायचा का. त्यावर अर्धा दिवस गेला. शेवटी ह्यांनी तोडगा काढला की जेवण ही परिषदेची कार्यवाही नसून मानवी गरज आहे. त्या दिवशी ह्यांचा फोन आला, आवाजात एवढा आनंद मी आमच्या लेकीच्या, इशिताच्या जन्मानंतर ऐकला नव्हता. म्हणाले, "कल्पना, जेवणाचा प्रश्न सुटला." मी म्हटलं, "बरं झालं, काय जेवलात?" तर म्हणाले, "मी नाही गं. तो."

शेवटच्या दिवशी त्या हेडमास्तरांना बोलायला मिळालं. ते म्हणे सुरुवातीला एवढंच बोलले की तुम्ही ज्या पाण्याची चर्चा करताय, ते माझ्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गात आलं आहे. पुढे ते वेळ संपली तरी बोलत राहिले, आणि कोणी बटण बंद केलं नाही. हे सांगताना ह्यांचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं आहे म्हणून सांगते. मूक सेवक वगैरे ठीक आहे, पण हा माणूस रडतो.

आता आपण म्हणाल, वा, काय हा माणूस, याच्या घरी तर लोकशाही नांदत असेल. मंडळी, दिव्याखाली अंधार ही म्हण मला आईंनी शिकवली. तिचा वाक्यात उपयोग मी लगेच केला होता.

मी मूळची पौडीची, गढवालची. माहेरचं आडनाव नेगी. कल्पना हे नाव असं सोयीचं आहे की ते पौडीतही चालतं आणि पुण्यातही. त्यामुळे हे घरी 'कल्पना' म्हणाले तेव्हा आईंनी आधी खुशीत विचारलं, कुठल्या? आडनाव ऐकल्यावर मात्र त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि त्या संध्याकाळी डब्यांची झाकणं फार जोरात लागत होती.

आमचं लग्न झालं त्याच वर्षी मंडळाची वार्षिक सभा होती. तेव्हा आई कार्यवाह होत्या. तोवर घटनेत लिहिलेलं होतं की महाराष्ट्राविषयी आस्था असणारी कोणीही व्यक्ती सदस्य होऊ शकेल. त्या वर्षी आईंनी दुरुस्ती सुचवली. कलम चार. 'जिची मातृभाषा मराठी आहे अशीच व्यक्ती.' कारण काय दिलं? मंडळाचं स्वरूप टिकावं. सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं की या स्वरूपाला असलेला धोका नुकताच लाल चुडा भरून घरात आला आहे. ठराव मताला टाकला. भराभर हात वर झाले. आणि आजचे आपले सत्कारमूर्ती? हे तटस्थ राहिले.

घरी येऊन मला म्हणाले, "हे बघ, मी विरोध केला असता तर आई दुखावली असती. पाठिंबा दिला असता तर तू. तटस्थ राहिलो, म्हणजे कोणीच दुखावलं नाही." अच्छा. त्या दिवशी घरात दोन बायका दुखावलेल्या होत्या आणि पोळ्या कोणीच केल्या नाहीत. ह्यांनी ब्रेड खाल्ला, तोही तटस्थपणे, काही न लावता.

पण माझ्या सासूबाईंना कोणी वाईट म्हणू नका. म्हणायचं तर मी म्हणेन, मला घरात तेवढा अधिकार आहे. ह्याच बाईंनी मला मराठी शिकवलं. रोज. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. म्हणाल्या, म्हण, बाळ, टाळ, केळ. त्यांना वाटलं, उत्तरेकडची मुलगी 'ळ'वर आपटणार. आता आमच्या गढवालीतही 'ळ' असतो, हे त्यांना कुठून माहीत असणार. मी खणखणीत म्हणून दाखवलं. आईंचा चेहरा जरासा उतरला. उलट आमची इशिता, जन्माने देवस्थळी, मंडळाची रीतसर सदस्य, आज गुडगावच्या मोठ्या कंपनीत टीम सांभाळते, ती अजून फळवाल्याच्या गाड्यावरून मला फोन करते, "आई, केलं घेऊ?" मी म्हणते, "काय केलंस?" हसू नका, तुमच्या घरी काय वेगळं आहे?

सांगायचा मुद्दा असा की आई मला मराठी शिकवत होत्या आणि मराठी मंडळात येऊ देत नव्हत्या. गणपतीला आरतीला यायचं, मोदकांना यायचं, हळदीकुंकवाला तर यायचंच यायचं. सभा सुरू झाली की बाहेर. मी व्हरांड्यात इशिताला घेऊन बसायची. आत कधी हशा झाला की वाटायचं, कशावर हसले असतील? वाईट वाटायचं. अगदी साधं वाईट वाटायचं, त्याला दुसरा शब्द नाही.

तर त्या बेटाचं काम फत्ते करून हे परत आले, आणि मला पुन्हा सगळं सांगत बसले. खुर्ची, पाटी, माईक. मी भाकरी थापत होते. मी विचारलं, "हेडमास्तरांना आत बसवलंत, छान केलंत. मी कुठे बसू?" हे आमटीची वाटी पुढे ओढून ढवळत बसले. ढवळता ढवळता आमटी निवाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर अनौपचारिक सल्लामसलत सुरू झाली. आई एका टोकाला, मी दुसऱ्या, मध्ये हे. आई माझ्याकडे पाहत ह्यांना म्हणायच्या, "तिला सांग, आज बसेल, उद्या बोलेल, परवा अध्यक्ष होईल." हे माझ्याकडे वळून म्हणायचे, "आईच्या काही रास्त चिंता आहेत." मी म्हणायची, "ऐकल्या मी, वाढू का अजून भात?" हे आईंकडे वळून, "समोरच्या पक्षाने सद्भावना दाखवली आहे." असं करत करत एक मसुदा निघाला. मत नाही. ठराव नाही. बोलायचं ते सर्वात शेवटी. आणि आईंनी हट्टाने घातलेली एक अट, ती नीट ऐका. निरीक्षकाची जागा तोवरच, जोवर तिचा सदस्य नवरा मंडळाच्या कार्यक्षेत्रात राहतो. म्हणजे क्वार्टर आहे तोवर खुर्ची आहे. आईंना वाटलं होतं, पुढची बदली झाली की प्रश्न मिटेल.

ठराव मंजूर झाला. नोटीस बोर्डावर कागद लागला, 'निरीक्षक: सौ. कल्पना देवस्थळी.' आणि मंडळी, इथे आपल्या सर्वांची एक चूक झाली. मोठमोठ्या परिषदांना जे जमलं नाही, ते आपल्या एका शब्दाने करून टाकलं.

आपले कॅटरर श्यामजी, तिकडे मागे उभे आहेत, त्यांनी तो कागद वाचला. मला अडवून म्हणाले, "मैडम, आप इंस्पेक्टर हैं?" मी खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "निरीक्षक हूँ." बस. त्या दिवसापासून पंगत मांडायच्या आधी चमच्यात श्रीखंड घेऊन माणूस माझ्यापुढे हजर. "मैडम, पास कर दीजिए." आठवा जरा, त्याआधीचं श्रीखंड कसं असायचं. आंबट ढाण. मग मंडपवाल्याला कळलं, त्याने लोंबणाऱ्या वायरी आपणहून बांधल्या. पुण्याहून नुकतेच बदलून आलेले एक सदस्य मला पाहून सभेत उभेच राहिले. त्यांना वाटलं, मी संस्था-नोंदणीच्या कार्यालयातून आले आहे. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना इथे?" मी म्हटलं, "बघतेय." आणि मग तर कमालच झाली, आपल्या सभा वेळेवर सुरू व्हायला लागल्या.

आईंच्या हे लक्षात आलं. म्हणाल्या, "हिला अधिकार दिला नाही, तर हिचा वचकच बसला." मग शब्द बदलायला खास सभा झाली. 'प्रेक्षक सदस्य' म्हणावं, तर एक जण म्हणाले, मग त्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? 'श्रोता सदस्य' म्हणावं, तर आईच म्हणाल्या की ऐकून घेणारी ही नव्हे. 'आगंतुक' असंही कोणी सुचवलं, नाव सांगत नाही, ते आज जेवायला आहेत. शेवटी श्यामजींनी निरोप पाठवला की मैडमला काढलं तर श्रीखंडाची जबाबदारी माझी नाही. ठराव बारगळला. हे घरी आल्यावर मला हळूच म्हणाले, "जगातला प्रत्येक निरीक्षक देश तुझा हेवा करील."

एक आठवण सांगते आणि मग मुद्द्याला येते. सोनवणेसाहेब, आपण घड्याळ पाहिलंत ते मी पाहिलं. दरवर्षी संक्रांतीला आपण बस करून पानिपतला, काला अंब या रणभूमीवर जातो. स्मारकापाशी फुलं वाहतो, तिळगूळ वाटतो, आणि परतीच्या बसमध्ये वाटेतल्या मुरथलच्या ढाब्यावरचे पराठे येईपर्यंत तिसरी लढाई पुन्हा लढतो. कोणी म्हणतं यात्रेकरू सोबत न्यायला नको होते. कोणी म्हणतं रसद. कोणी म्हणतं तोफा. निरीक्षक असण्याचा तिथे एक फायदा असतो, पराभवाची जबाबदारी आपल्यावर नसते. मी आपली शेंगदाणे खात ऐकायची. एका वर्षी सगळ्यांचं बोलून झालं, वेळ उरला होता, आणि तेव्हाच्या अध्यक्षांनी गमतीने विचारलं, "निरीक्षक बाई, आपलं काय मत?"

मी म्हटलं, "मी उत्तरेची. मला वाटतं, उत्तरेकडची माणसं सोबत घ्यायला हवी होती. ती इथेच होती. कोणी नीट विचारलं नाही."

बसमधली तिसरी लढाई जागच्या जागी थांबली आणि ड्रायव्हरने आरशात पाहिलं. मुरथलला कोणी दुसरा पराठा मागितला नाही. आई खिडकीशी बसल्या होत्या, त्या दिल्ली येईपर्यंत बाहेरच पाहत राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता खुर्चीही जाते. घरी येऊन चपला काढताना एवढंच म्हणाल्या, "कल्पना, तुझा मुद्दा इतिहासाला धरून होता." मंडळी, देवस्थळींच्या घरात याला मिठी मारणं म्हणतात.

असो. आता हे निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं. आम्ही नोएडाला जातो आहोत, सोबत आई आहेतच. हे आणि आई आजीव सदस्य, ते कुठेही राहिले तरी सदस्य. आणि मी? नोएडा आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही. सामान ट्रकमध्ये चढलं की माझी खुर्ची गेली. म्हणजे पुढच्या सभेला हे आत बसतील, आई आत बसतील, इशिता 'केलं' खात आत बसेल, आणि मी पुन्हा व्हरांड्यात. या वेळी कडेवर लेकरूही नाही.

कार्यकारिणीला हे लक्षात आलं, त्यांच्या मनाचा मोठेपणा आहे. आज मला मानद सदस्यत्व द्यायचं ठरलं आहे. विनयाताई, दचकू नका, टेबलाखालचं सत्काराचं दुसरं ताट कोणासाठी, हे श्यामजींनी मला मघाशीच सांगितलं. निरीक्षकाला सगळं कळतं. आपण दाखवलेल्या प्रेमाबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण हात जोडून सांगते, मला मानद नको. मी ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याने मला शिकवलं आहे की मानद म्हणजे हार खुर्चीच्या गळ्यात पडतो आणि माणूस असतो तिथेच राहतो.

मला साधं सदस्य व्हायचं आहे. ज्याच्या मागे विनयाताई वर्गणीसाठी लागतात, तसं. ज्याला हात वर करता येतो, आणि हात वर करूनही हरता येतं, तसं. तुमच्यातल्या किती जणींची बाळंतपणं मी पाहिली, किती जणांच्या अंत्ययात्रेला मी लोधी रोडच्या स्मशानात उभी राहिले. माझ्या सगळ्या मैत्रिणी या हॉलमध्ये आहेत. मला इथे यायचं आहे. एवढंच आहे ते, ते फिरवून सांगायला मला ह्यांच्यासारखं येत नाही.

योगायोगाने आज वार्षिक सभाही आहे. योगायोग कसला, जेवणाशिवाय आपल्याकडे कोरम होत नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी ठेवतात. तर कोरम आहे. नव्या सदस्याला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, आणि मग हात. राहिलं कलम चार. त्याची शेवटची ओळ कोणी वाचत नाही, मी वाचली आहे. 'मातृभाषेविषयी शंका उद्भवल्यास सूचकाचा शब्द अंतिम मानावा.' पण माझ्यासाठी कोणी खोटं बोलावं, हे मला नको. माझी आई पौडीला मला गढवालीत ओरडायची, आणि ती भाषा मी पुसणार नाही. म्हणून मी ठराव मांडत नाही, मला तो अधिकारही नाही. मी फक्त विचारून ठेवते. या सभागृहात माझ्यासाठी कोणी सूचक आहे का?

नसलं तरी राग नाही. बिल्कुल नाही. सोनवणेसाहेब, मी आवरते...

थांबा. आई उठताहेत. इशिता, आजीचा हात धर. आई, तुम्हाला काही हवंय का? पाणी? नाही? माईक? विनयाताई, माईक द्या त्यांना. नको म्हणताहेत. बोला आई.

मागच्या रांगेत ऐकू गेलं नसेल, म्हणून मी सांगते. जमेल तसं सांगते. आई म्हणाल्या, "सूचक मी. कलम मीच लिहिलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ मला विचारा. ही मला लग्न झाल्यापासून आई म्हणते. माझी भाषा मराठी. आईची भाषा ती मातृभाषा. हिला एक पौडीची आहे, एक माझी आहे. ज्याला शंका असेल त्याने उभं राहावं."

कोणी उभं नाही राहिलं. जे उभे होते तेही बसले.

मला एक मिनिट द्या. पाणी आहे ना इथे.

हं. सूचक आहेत. आता अनुमोदक लागेल. मंडळी, एकमेकांकडे पाहू नका, मला कळतंय, तुम्ही सगळेच देणार आहात आणि प्रत्येकाला वाटतंय दुसऱ्याने आधी उठावं. अहो. अहो, तुम्ही का उठलात? सत्कारमूर्तीने मध्येच उठायचं नसतं, हार पडेल. काय? पुन्हा म्हणा, मोठ्याने म्हणा.

हे म्हणताहेत, "माझ्या पूर्वीच्या भूमिकेला बाधा न आणता, मी या सूचनेला अनुमोदन देतो."

मेननसाहेब हसले. त्यांना मराठी कळत नाही, पण हा सूर त्यांनी आयुष्यभर ऐकला आहे. अहो, पूर्वीच्या भूमिकेला बाधा आली बरं. चांगलीच आली. आणि तुमच्यावरचा माझा राग आत्ता गेला. इतकी वर्षं होता, तुम्हाला वाटत होतं की तो मिटला आहे.

सोनवणेसाहेब हात मोजताहेत. आईंनी दोन्ही हात वर केले आहेत, त्यांचं एकच मत धरावं. मेननसाहेब, आपण हात खाली घ्या, आपण पाहुणे आहात. श्यामजी, तुम्हीही. विनयाताई, मी माझा हात वर केलेला नाही, ठराव अजून व्हायचा आहे, नंतर वाद नको.

झाला? एकमताने?

अध्यक्षमहोदय, आपण मला बोलू दिलंत याबद्दल आभारी आहे. विनयाताई आणि सर्व कार्यकर्ते, श्यामजी आणि त्यांची माणसं, दुरून वेळ काढून आलेले मेननसाहेब, सर्वांची मी ऋणी आहे. ह्यांना आपण जो निरोप दिलात, त्याबद्दल ह्यांच्या वतीनेही आभार मानते, कारण ते आता बोलण्याच्या अवस्थेत नाहीत, चष्मा पुसताहेत. आई, तुमचे आभार मी इथे मानणार नाही, घरी जाऊन मानेन, तुम्ही रागावाल तेव्हा. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, कुठे मर्यादा सुटली असेल, तर चूक पदरात घ्या. आणि घ्यायची नसेल, तर पुढच्या सभेत माझ्याविरुद्ध रीतसर ठराव आणा. मी येणार आहे, आणि विरोधात मत देणार आहे.

धन्यवाद.